मे महिन्यातला स्वेटर

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात माझा एसटीडी-आयएसडी बूथ होता. काचेच्या केबिनमध्ये शिरलं की माणसाला वाटायचं, आता आपलं कुणी ऐकत नाही! आणि देश जितका लांब, तितकं मोठ्यानं ओरडायचं, हा तर सगळ्यांचा ठाम समज. मी चोरून कुणाचं एक अक्षर ऐकलं नाही, शपथ घेतो. पण अमेरिकावाले निम्म्या गल्लीला ऐकू जायचे आणि ऑस्ट्रेलियावाले पार पलीकडच्या नल्लकुंट्यापर्यंत! मग किस्से साठतील नाही तर काय होईल?

शेजारच्या रहीमभाई टेलरचा धाकटा भाऊ सिडनीला होता. एका वर्षी रमजान ऐन डिसेंबरात आला. आपल्याकडे दिवस लहान, रोजे अलगद निघत होते. तिकडे मात्र भर उन्हाळा! भाऊ फोनवर रडकुंडीला आला, "भाईजान, यहाँ आठ बजे तक सूरज डूबताच नहीं!"

रहीमभाईंनी बाहेर पाहिलं. सहाच्या आधीच अंधारलं होतं. ते ओरडले, "तो इधर आ जा ना! हमारा सूरज शरीफ है, टाइम पे घर जाता!"

आता आमच्या बाई. आमच्या मराठी शाळेत त्या तीस वर्षं भूगोल शिकवायच्या. एका हातात पृथ्वीगोल, दुसऱ्या हातात पट्टी. सातवीच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, ऑस्ट्रेलियात मे महिन्यात कोणता ऋतू असतो? मी बिनधास्त लिहिलं, "उन्हाळा. कारण मे महिन्यात शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते."

बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मार्चचं ऊन, पायरी तापलेली, मोजून दहा मिनिटं. "आता कळेल तुला, सूर्य कुठे असतो ते!" म्हणाल्या. कळलं. आजतागायत विसरलो नाही.

पुढे बाई रिटायर झाल्या, यजमान वारले आणि घरात उरल्या त्या आणि एकुलती एक मुलगी, मुग्धा. त्या वर्षांत कंप्युटरवाल्या पोरांना बाहेरच्या नोकऱ्या नुसत्या बोलावत होत्या. जावईही कंप्युटरवाले निघाले आणि मुग्धा मेलबर्नला गेली. बाईंच्या घरी फोन नव्हता. मुग्धा दर रविवारी माझ्या बूथवर फोन करायची आणि मी पळत जाऊन बाईंना बोलवायचो. माझी बायको म्हणायची, "सख्ख्या आईच्या हाकेला इतके पळाला नाहीत कधी!"

पहिल्या संक्रांतीला बाईंनी पार्सलनं तिळाचे लाडू धाडले. रविवारी केबिनमधून आवाज आला, "रोज एक खा! तिळानं अंगात ऊब राहते."

पलीकडून मुग्धा काहीतरी बोलली. बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "एक्केचाळीस डिग्री? बरं, मग अर्धा खा. पण खा!"

त्यानंतरच्या दिवाळीत मुग्धाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "पोर माहेरी येत नसेल तर माहेर तिकडे जाईल!" उभ्या जन्मात त्या विमानात बसल्या नव्हत्या. तरी पासपोर्ट काढला, व्हिसा आणला. भर मे महिन्यात शेगडीपाशी घाम पुसत डिंकाचे लाडू वळले. बॅग भरून तयार. आणि निघायला चार दिवस असताना मुग्धाचा फोन आला.

"स्वेटर?" बाई केबिनमध्ये हसल्या. "अगं, मे महिन्यात स्वेटर कशाला घेऊ?"

मी बाहेर वही लिहीत होतो. हातातलं पेन थांबलं.

बाईंनी रिसीव्हर ठेवला, बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता तडक घरी गेल्या. मी हसलो नाही, देवाची आण! दार लावून घेतलं आणि मग हसलो.

पण हैदराबादेत मे महिन्यात स्वेटर मिळणार कुठे? फुटपाथवरचे नेपाळी स्वेटरवाले थंडी संपली की गावी जातात. बाई गौलीगुड्यात दुकानं पालथी घालून आल्या. एका दुकानदारानं "गरम स्वेटर" ऐकताच त्यांना पंख्याखाली बसवलं आणि आधी पाणी पाजलं! रहीमभाईंना त्यांनी कोट शिवाल का म्हणून विचारलं. ते माझ्या कानाशी आले, "दिवाकरभाई, बाई को धूप तो नहीं लग गई?"

मग गल्लीनं ट्रंका उघडल्या. दोन दिवसांत अकरा स्वेटर, चार शाली आणि वॉचमनची माकडटोपी जमली. सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास! माझ्या बायकोनं माझा मरून स्वेटर काढला, पिवळ्या काठाचा. माझ्या आईनं विणलेला शेवटचा. खोटं कशाला बोलू, माझं मन होत नव्हतं. दिला, पण म्हणालो, "बाई, तेवढा जपून हं."

जुलैत एका दुपारी फोन वाजला. बाई होत्या आणि हळू बोलत होत्या. ऑस्ट्रेलियाहून कुणी हळू बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"मुलगी झाली रे. तीन आठवडे आधीच आली. मुग्धा बरी आहे, पण पोर एवढीशी आहे. आठ दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आणलीय. डॉक्टर म्हणतात, ऊब सांभाळा. बाहेर मरणाचा गारठा आहे. दुकानातल्या टोप्या डोळ्यांवर घसरतात आणि नवी लोकर तिला टोचते." मग म्हणाल्या, "दिवाकर, तुझा स्वेटर धुऊन धुऊन अगदी मऊ झालाय. उसवू का?"

तेवढं विचारायला त्यांनी मेलबर्नहून फोन केला होता! आईची आठवण आली, डोळे भरले आणि मी असा ओरडलो की रहीमभाईंच्या हातातली कात्री पडली, "विचारता काय बाई! उसवा!"

पुढचे रविवार गल्लीतली निम्मी माणसं बूथवर. वजन वाढलं का? दूध पिते का? चौथ्या रविवारी बाईंनी रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरला. तिनं असा टाहो फोडला की मी फोन कानापासून लांब धरला. रहीमभाईंनी आभाळाकडे हात केले, "माशाल्ला! इसको फोन की जरूरतच नहीं!"

त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. अजूनही त्या पोरीच्या नावानं देवाला हात जोडतो.

नोव्हेंबरात बाई परतल्या. एका सकाळी बूथवर आल्या, सोबत रिक्षाभर स्वेटर! धुतलेले, इस्त्री केलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. माझ्या नावाच्या पाकिटात एक फोटो होता. गुटगुटीत पोर, डोक्यावर मरून टोपी, कपाळावर पिवळा काठ.

सगळे स्वेटर आत नेऊन रचले, पुन्हा फोटो पाहिला. मान वर करून पाहतो तर बाई अजून बाहेरच. पायरीवर, उन्हात, ताठ उभ्या.

"बाई, आत या ना! उन्हात का उभ्या?"

"त्या वेळी तुला किती मिनिटं उभं केलं होतं रे?"

"दहा. पण बाई, ते मार्चचं ऊन होतं!"

"ठाऊक आहे मला," बाई घड्याळात बघत म्हणाल्या. "म्हणून तर नोव्हेंबरची वीस धरलीत. अजून सहा राहिलीत."