धाकटीचं शेडनेट

माझी धाकटी जाऊ गुणाची आहे, हे मी कबूल करते. पण ती माझ्या डोळ्यांत खुपते, हेही आधीच सांगून ठेवते.

लग्न होऊन आली तेव्हा तिला विळा धरता येत नव्हता. मेथी खुडायला मी शिकवलं, रोपं लावायलाही मीच. पुढे वाटणी झाली, मध्ये बांध पडला. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या, आमचे दोन तुकडे तेवढे हिरवे राहिले. दिराने आपला तुकडा बायकोच्या नावावर केला. आमचे हे म्हणाले, "नाव लावून काय जमीन जास्त पिकणार आहे?" मीही हसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मग शहरालगतच्या लहान शेतकरी बायकांसाठी सरकारची योजना आली. शेडनेटचा निम्मा खर्च सरकारचा, पण जमीन बाईच्या नावावर हवी. धाकटीला मिळालं. ती हिरवी जाळी उभी राहिली त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते औषधाने थांबणारं नव्हतं.

ती माल घेऊन बाजारात गेली की दुपारपर्यंत यायची नाही. इकडे मिरचीची रोपं माना टाकायची. मला बघवायचं नाही. तिच्याविषयी प्रेम उतू जात होतं असं नाही, पण रोपांशी माझं वैर नव्हतं. मी बांध ओलांडून पाणी सोडायचे, फांद्यांना दोऱ्या बांधायचे. जाळीखाली उभं राहिलं की घटकाभर वाटायचं, हे माझंच आहे.

परवा शेतीखात्याचे साहेब तपासणीला आले. ही बाई स्वतः शेती करते, असं शेजाऱ्याने लिहून दिलं तरच अनुदानाचा उरलेला हप्ता मिळणार होता. शेजारी म्हणजे मी. 'नाही' म्हणायला माझी जीभ किती वळवळत होती, ते माझं मला ठाऊक.

मी तोंड उघडायच्या आत धाकटीच म्हणाली, "साहेब, खरं सांगते. निम्म्याहून जास्त काम जाऊबाईच करतात. त्यांचंही नाव लिहा."

हप्ता गेला तर गेला, पण ती खरं बोलली. त्याचाही मला राग आला.

साहेबांनी मला विचारलं, "शेजारची जमीन तुमच्या नावावर?"

"नाही. ह्यांच्या."

"मग शेजारी म्हणून त्यांची सही लागेल. बोलवा त्यांना." साहेबांनी कागदावर पेन फिरवलं. "आणि काळजी करू नका बाई, हाताखाली मजूर ठेवला तर चालतो." मजुरांच्या रकान्यात त्यांनी माझं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

हे आले, हात पुसले, न वाचताच सही करून गेले. धाकटीचा हप्ता पक्का झाला.

रात्री ह्यांना वाढताना मी म्हटलं, "उद्यापासून मी धाकटीकडे मजुरीला जाते."

"डोकं फिरलंय का तुझं? घरची शेती सोडून?"

"तिच्या कागदावर मी निदान मजूर तरी आहे," मी म्हटलं. "तुमच्या कागदावर कोण आहे?"