पंखाखालची शिट्टी

भिवा, तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. नको उचलूस. हे मात्र वाच. माझं अक्षर तू बत्तीस वर्षं वाचलं आहेस.

कल्याणच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचे आणि तू प्रयोगशाळेचा परिचर. दहावी नापास, विठ्ठलवाडीहून चालत येणारा, आणि भयंकर तिरसट. कुणी नळी न धुता ठेवली की सर्वांसमोर म्हणायचास, "साहेब व्हायचंय ना? मग आधी भांडी घासा." पण नादकाटा वाजला की न बघता त्याच्या कंपनांचा आकडा सांगायचास. माझा विद्यार्थी नयन, त्याच्या प्रात्यक्षिकात नळीत पाणी जास्त होतं, सूर जुळेना. तू नुसती भुवई उचललीस, त्याने पाणी कमी केलं आणि पोरगं पास झालं.

तोच नयन आता विमानांचा आवाज कमी करायच्या चाचण्या घेतो. इंजिनाचा नव्हे. उतरताना चाकं बाहेर येतात, पंखांच्या झडपा उघडतात आणि त्यांना घासून हवा घोंगावते, तो. खडवलीच्या माळावर मायक्रोफोन मांडायला त्याला माणूस हवा होता. निवृत्तीनंतर तू घरी चिडचिड करत बसलेला, म्हणून तुझं नाव मीच सुचवलं.

फळ्यांवर मायक्रोफोन ठेवायचे, बकऱ्या हाकलायच्या, आणि इंजिन मंद करून विमान डोक्यावरून गेलं की गप्प बसायचं, हे तुझं काम. चाकांच्या दांड्यांना नयनच्या लोकांनी वेष्टणं चढवली. घोंगावणं कमी झालं, पण एक बारीक शिट्टी राहिलीच. दोन आठवडे सगळे इंजिनियर चाकंच उघडत होते.

"चाकांत नाही ती," तू म्हणालास.

"काका, तुम्ही बकऱ्या बघा," नयन म्हणाला.

तू खिशातून परीक्षानळी काढलीस. कॉलेजच्या भंगारातली. तिच्यात थेंब थेंब पाणी घालत, तोंडावर फुंकत शिट्टीचा सूर जुळवलास आणि वर उरलेली हवा बोटांनी मोजलीस. "चार बोटं खोल भोक शोधा. मागचं बंद असेल." विमान उतरल्यावर पंखाखाली तसंच भोक निघालं. तू म्हणालास, त्याच्या पुढ्यात नखाएवढा पत्रा उभा करा. पुढच्या फेरीला शिट्टी गेली.

अहवालाची कच्ची प्रत घेऊन तू माझ्याकडे आलास. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत.

"बाई, इंग्रजी वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं. यात नाही."

मी वाचलं. शिट्टीचं मूळ 'चमूने' शोधलं होतं. तू 'स्थानिक मदत' या दोन शब्दांत होतास.

"हजेरीचं रजिस्टर सोडलं तर माझं नाव कुठं लिहिलेलं नाही," तू म्हणालास. "हे छापून राहील. सोमवारी छपाईला जातंय. तुम्ही नुसत्या सोबत चला. तुमच्यासमोर तो नाही म्हणणार नाही."

खरं होतं ते. नयन नाही म्हणाला नसता. मी म्हटलं, शुक्रवारी अकरा वाजता. तू पेन्सिलीने, नाव जिथे यायला हवं तिथे फुली मारलीस आणि प्रत माझ्याकडे ठेवलीस.

शुक्रवारी तुझा फोन आला. "बाई, मी त्याच्या गेटवर आहे. वॉचमन आत सोडत नाही."

"भिवा, आज गुडघा धरलाय रे. नंतर बघू."

 तू म्हणालास, "बाई, नंतर म्हणजे छापल्यावर." आणि फोन ठेवलास.

गुडघ्याला काही झालं नव्हतं. अहवालाच्या पहिल्याच पानावर नयनने माझे आभार मानले होते, पूर्ण नावानिशी: ज्यांनी आम्हाला ऐकायला शिकवलं. ते पान मी तुला वाचून दाखवलं नव्हतं. तुझं नाव मागायला गेले असते तर त्या मुलाने विचारलं असतं, "मॅडम, मग ऐकायला शिकवलं कुणी?" निदान मला तरी तशी भीती होती.

अहवाल छापून आला. त्याची दुसरी आवृत्ती निघणार आहे म्हणे. नयनचं ऑफिस इथून रिक्षाने दहा मिनिटं. तुझी फुली असलेली प्रत माझ्या पर्समध्ये आहे, आठ महिने.