भिंतीवरचा एक पेपर

त्या दिवशी पेपर दुपारपर्यंत कंपाउंडच्या भिंतीवर तसाच, घडीही न मोडता पडून होता. नलिनीबाईंनी तो उचलला नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला तिथेच कळलं. हाका मारल्या, मग त्यांच्या पुतण्याला फोन लावला... बाई झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता दीड महिना होईल.

इकडे गुजरातेत, समा भागातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं घर आणि माझं घर शेजारीशेजारी, मध्ये कमरेइतकी भिंत. बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. मी पाचवी शिकलेला, बाजव्याकडे एका कारखान्यात हेल्पर. मुंबईहून येणारा मराठी पेपर आम्ही दोन घरांत एकच घ्यायचो. पेपरवाला तो भिंतीवर टाकायचा, सकाळी त्या वाचून परत भिंतीवर ठेवायच्या, दुपारी पाळीवरून आलो की मी.

नव्वदनंतर कारखान्यात नवी यंत्रं आली. हेल्परांची तोंडी परीक्षा ठरली. पास होईल तो ऑपरेटर, बाकीच्यांनी घरी बसायचं. बाई म्हणाल्या, "जाधवराव, मी शिकवते." मी म्हटलं, शिकेन, पण तुमच्या ओसरीत शिकवणीच्या पोरांच्या रांगेत बसणार नाही. "मग भिंतीशी उभे राहा." राहिलो. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, उभं राहण्याची आम्हाला लाज नाही.

मिठाचं लगेच समजलं. सोडियम देतो, क्लोरीन घेतो, व्यवहार मिटला. पाण्यापाशी अडलो. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, त्याला हवेत आठ. हायड्रोजन दोन, प्रत्येकाकडे एकेक. मी म्हणायचो, "दिला तर हायड्रोजन रिकामा झाला. नाही दिला तर ऑक्सिजनचे सहाच. दोघांचं मिळून एकच असं काही नसतं बाई, शेवटी ते कुणाच्या तरी नावावर असतंच." आठवडाभर हेच चाललं. शेवटी बाई वैतागल्या आणि भिंतीवरचा पेपर उचलून म्हणाल्या,

"तुमच्याकडे पेपर येतो का, असं कुणी विचारलं तर?"

"येतो म्हणेन."

"मीही येतो म्हणेन. मग पेपर किती?"

मी त्यांच्या हातातल्या पेपरकडे बघत राहिलो.

"एक म्हणायला जड जातंय का?"

"समजलं म्हणून गप्प आहे," मी म्हटलं.

परीक्षेत गुजराती साहेबांनी नेमकं पाणीच विचारलं. हायड्रोजनने आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले ना? "आप्या नथी साहेब, भागमां छे," मी म्हटलं. दिले नाहीत, भागीत आहेत. दोघंही आपापल्या घरी मोजतात. ऑपरेटर झालो, त्याच जागेवरून रिटायर झालो. त्या दिवशी बाईंना निकाल सांगायला गेलो तर म्हणाल्या, "छान. उद्या अमोनिया."

"परीक्षा झाली की."

"मग काय झालं?"

अमोनियाही शिकलो.

परवा पुतण्या विचारत होता, काकूंच्या बाजूचा पेपर बंद करायचा ना? मी म्हटलं, त्यांची बाजू वेगळी नव्हतीच. रविवारची ही पुरवणी नेहमी आधी बाईंकडे जायची... हे छापून आलं तर तो अंकही सकाळभर भिंतीवर राहील. मी दुपारी वाचेन.