रत्नमालाकाकूंची यादी आणि चौसष्ट अक्षरं

आमच्या वरच्या मजल्यावरचे दशरथकाका अडतीस वर्षं रेल्वेत स्टेशनमास्तर होते, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. जयपूरच्या झोटवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत चहासुद्धा वेळापत्रकाने निघतो.

गेल्या महिन्यात त्यांचा जुना कॉम्प्युटर बसला. त्यात त्यांच्या बायकोची, रत्नमालाकाकूंची यादी होती. जयपूर, अजमेर, कोटा, जिथे जिथे बदल्यांनी आपली मराठी माणसं नेऊन टाकली, तिथल्या तीनशे बारा लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटे. बारा वर्षांची जमवाजमव, दुसरी प्रत नाही, आणि रविवारी परिचय मेळावा. रिपेअरवाला म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल. काकूंचं जेवणावरून मन उडालं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. त्या यादीत एकशे सत्त्याण्णव नंबरवर मी होते, उंची दोन इंच वाढवून.

तरी माझ्याच तोंडून निघून गेलं की लिनक्स नावाची फुकट सिस्टम डीव्हीडीवर उतरवली, तर कॉम्प्युटर त्या डीव्हीडीवरूनच चालू होतो आणि आतल्या फायली काढता येतात. पेनड्राइव्हवरून सुरू होण्याइतकं ते मशीन तरुण नव्हतं. काका लगेच बाजारात गेले. "अंकलजी, ये अब कौन लेता है," म्हणत दुकानदाराने धूळ झटकून पाच कोऱ्या डीव्हीडी दिल्या.

पहिलीवर काकांनी माझ्या लॅपटॉपवर डाउनलोड केलेली फाइल तशीच कॉपी केली. मशीनने ढुंकूनही पाहिलं नाही. मी सांगितलं, नुसती ठेवायची नाही, इमेज म्हणून बर्न करायची. दुसरी तशी केली, ती अर्ध्यात अडकली. आता तिच्यावर काकांचा चहाचा कप असतो.

"फाइलच खराब उतरली असेल," मी म्हटलं. "वेबसाइटवर चौसष्ट अक्षरांचा चेकसम देतात. आपल्या फाइलचा तोच निघाला, मतलब फाइल धड."

काका खुर्चीत ताठ बसले. रेल्वेत गाडी सोडण्याआधी पुढचा स्टेशनमास्तर 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा रूळ मोकळा, असं म्हणत फोनवर एक प्रायव्हेट नंबर सांगतो, इकडचा तो परत म्हणून वहीत लिहितो, मगच सिग्नल पडतो. चेकसम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळला.

"कॉम्प्युटर स्वतःच जुळवतो, काका. दोन सेकंदांचं काम आहे."

"मशीनची साक्ष मशीनच देईन? चालत नाही. रत्ना, तू वाच."

काकूंनी माझ्या फोनवरून वेबसाइटवरचा चेकसम वाचायला घेतला, "ई." लॅपटॉपवरच्या फाइलचा निघाला सात. "लाइन क्लिअर नाही," काका म्हणाले. फाइल पुन्हा उतरवली. पुन्हा काकू एकेक अक्षर वाचत गेल्या, काका परत म्हणून वहीत लिहीत गेले. तिसाव्या अक्षराला ऐकण्यात शंका आली म्हणून काकांनी सगळं पहिल्यापासून घ्यायला लावलं. मी असते तर फोन फेकला असता. काकूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा "ई" म्हटलं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

तिसऱ्या डीव्हीडीवर कॉम्प्युटर उठला. यादी जशीच्या तशी होती. काकू पदराने डोळे टिपत राहिल्या.

काकांचा माउस मात्र 'इन्स्टॉल' वर पोचला होता. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं.

"काहून घाई करून राहिले?" काकू म्हणाल्या. "माह्या हाती प्रत येईस्तोवर लाइन क्लिअर नाही."

दशरथकाकांनी मुकाट्याने माउसवरून हात काढला. मी पेनड्राइव्हवर यादी घेतली, काकूंनी ती माझ्या लॅपटॉपवर उघडवून एक ते तीनशे बारा मोजली, आणि मगच म्हणाल्या, "नंबर घ्या. तीनशे बारा."

"तीनशे बारा," काका म्हणाले, वहीत वेळ लिहिली आणि बटण दाबलं.

मला त्या दोघांचा हेवा वाटला, अगदी जळफळाट झाला. यादी उघडीच होती. मी एकशे सत्त्याण्णव नंबर काढला, उंची खरी केली, आणि अपेक्षांच्या रकान्यातली सरकारी नोकरी खोडून लिहिलं: चौसष्ट अक्षरं दोनदा वाचायला लावली तरी न चिडणारा.

काकूंनी ते वाचलं. "असा मलेही पाहिजे होता," त्या म्हणाल्या, "पण भेटला तो वाचत नाही, वाचायला लावते."