गाऱ्हाणं कोण घालणार

त्या वर्षी घरात एकच प्रश्न होता: गणपतीपुढे गाऱ्हाणं कोण घालणार.

कोकणातलं गावचं घर बंद झाल्यापासून आमचा गणपती मुलुंडच्या दोन खोल्यांत पाच दिवस असायचा. विसर्जनाला निघण्याआधी घरातला वडीलधारा पुरुष देवापुढे उभा राहतो, घरच्यांचं मागणं एकेक वाक्यात सांगतो आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. आमच्याकडे ते काम वडिलांचं होतं. गिरणीत यंत्रांवरून आवाज चढवायची सवय असल्याने त्यांचं गाऱ्हाणं खालच्या मजल्यावरही ऐकू जायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांना कंपवात झाला. कंपवातात हात थरथरतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आवाज बारीक होतो, वाक्य मध्येच अडतं, चेहरा हलेनासा होतो, हे एकेक करून कळत गेलं. ते खूश आहेत की चिडलेत, हे चेहऱ्यावरून सांगता येईना. मग आम्ही अंदाज बांधू लागलो. ते ‘मला’ म्हणाले की आई पाणी आणायची आणि मी पंखा लावायचे. ते पाणी पीत आणि पंख्याखाली बसत. आमचा अंदाज बरोबर होता की त्यांनी सांगायचा नादच सोडला होता, हे आम्ही कधी तपासलं नाही.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होते. बातमीदाराचं अर्धवट वाक्य पुरं करणं हे माझं रोजचं काम होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, “झोप लागते का?”

“लागते की. चांगली लागते,” आई म्हणाली.

“बाई, त्यांना सांगू द्या.”

भिंतीवर घड्याळ होतं. उत्तर यायला चाळीस सेकंद लागले. “झोप लागते,” वडील म्हणाले. “पण... कुशीवर... वळता येत नाही.”

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. ती त्याच खोलीत झोपत होती.

“त्यांच्या चेहऱ्यावर जाऊ नका,” डॉक्टर म्हणाले, “आणि वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.” मी दोन्ही सूचना वहीत लिहून घेतल्या.

गणपतीला आठ दिवस असताना घाटकोपरचे काका आले. वडिलांचे ते धाकटे भाऊ. आल्या आल्या म्हणाले, “दादा, औंदा गाऱ्हाणा मी घालतंय. तू आपलो खुर्चीत बस.”

वडिलांचे ओठ हलले. “गाऱ्हाणा... मीच...”

“ऐकलंत ना काका?” मी म्हटलं. “बाबाच घालणार.”

“अगो, पण दादाचो आवाज खंय आसा? गणपतीक ऐकाक तरी येवक व्हया मा!”

“त्याचे कान सुपाएवढे आहेत, काका.”

आई हसली. काका हसले नाहीत. “पेपरात लिवतंस म्हणान माका शिकव नको,” म्हणाले आणि चहा न घेता गेले. वडिलांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. काहीच नसण्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कळेना. मी आनंद असा लावला.

पुढच्या आठवड्यात ते तीन वेळा ‘गाऱ्हाणा मीच’ म्हणाले. प्रत्येक वेळी मी म्हटलं, “हो बाबा, तुम्हीच.” प्रत्येक वेळी त्यांनी डोळे मिटले. आईच्या मते त्यांना धास्ती वाटत होती. मला ते समाधान वाटलं. त्यांनाच विचारावं आणि थांबावं, असं दोघींपैकी कोणालाही सुचलं नाही. वही माझ्या पर्समध्येच होती.

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारी जमले. काका आले, पण दाराशीच उभे राहिले. वडील आईचा हात धरून देवापुढे गेले आणि आई मागे सरकली. ते पडू नयेत म्हणून मी त्यांच्या अगदी लगत उभी होते.

“बा देवा म्हाराजा...”

“होय म्हाराजा!”

मग ते थांबले. मागच्यांना वाटलं वाक्य संपलं. “होय म्हाराजा!” पुन्हा दोन शब्द, पुन्हा थांबणं, पुन्हा सगळ्यांचा होकार. प्रत्येक होकाराला ते मागचं सोडून नव्याने सुरुवात करत होते. चौथ्या वेळी ते होकाराला थांबले नाहीत. त्या गलक्यातच पुढे बोलले आणि ते फक्त मला ऐकू आलं.

“गाऱ्हाणा... मीच... माझ्या भावाक देतंय.”

तेवढ्यात कोणीतरी ‘गणपती बाप्पा’ ओरडलं. मूर्ती उचलली गेली. इतके दिवस मी ज्या गोष्टीसाठी भांडत होते, ती त्यांना नकोच होती का? की हवी होती आणि आत्ता, देवापुढे, सोडली? मला ठरवता येईना.

जिन्यात मी काकांना गाठलं. “काका, बाबांनी गाऱ्हाणं तुम्हाला दिलं.”

“गप गो. माझी समजूत काढू नको,” ते म्हणाले. “त्या दिवशी पण तूच बोललंस, आज पण तूच.”



विसर्जनाहून परतल्यावर शेजारी प्रसाद घेऊन गेले. मी काकांना वडिलांसमोर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. वडिलांनी सुरुवात केली. “गाऱ्हाणा... मीच...”

“होय रे दादा, तूच. कळला माका.”

मी काकांच्या हातावर हात ठेवला. आम्ही थांबलो. खाली कोणीतरी सायकल लावली, तिचं स्टँड वाजलं. मला दोनदा बोलावंसं वाटलं.

“...तुका देतंय,” वडील म्हणाले.

काका बराच वेळ गुडघ्यावरची चुरगळलेली टोपी सरळ करत राहिले. मग म्हणाले, “मगे आधी सांगूक काय झाला होता?”

पुन्हा थांबणं आलं. या वेळी काकाही हलले नाहीत.

“सांगत... होतंय मी,” वडील म्हणाले.

ते काकांना म्हणाले की मला, हे मला कळलं नाही. त्यांची नजर आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी होती आणि चेहरा होता तसाच होता.