शुक्रवारचं पान

भारतात फोन करायला कॉलिंग कार्ड खरवडून नंबर काढावा लागायचा, तेव्हाची गोष्ट. मी इंग्लंडमध्ये, रीडिंग गावात सॉफ्टवेअरमध्ये होते आणि शनिवारी सकाळी जर्मन साहित्याच्या क्लासला जायचे. पुण्यात बाबा आजारी होते. घरी बसलं की नको ते विचार यायचे, म्हणून हा उद्योग.

शिकवणाऱ्या जर्मन बाई सत्तरीच्या होत्या. जुन्या जर्मन कादंबऱ्यांतली माणसं ऊठसूट का रडतात, ते त्यांनी सांगितलं. इंग्लंडमधल्या विचारवंतांचं म्हणणं होतं, डोळ्याला रंग दिसतो तसं मनाला चांगलं-वाईट आपसूक कळतं. तिकडे जर्मनीतली भाविक मंडळी रोज वही घेऊन आपलं मन तपासत होती. मन भरून आलं, तर देवाची कृपा झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि अश्रू हा चांगुलपणाचा पुरावा ठरला.

"आठवडाभर तशी वही लिहा," बाई म्हणाल्या. "फक्त खोटं लिहू नका. त्या लोकांना त्याची फार भीती वाटायची."

मला हसूच आलं. ऑफिसात आम्ही शुक्रवारची कामाच्या तासांची टाइमशीट बुधवारीच भरून मोकळे व्हायचो. त्याच सवयीने बुधवारी ट्रेनमध्ये मी वहीही उरकली. शेवटच्या पानाला जरा वजन यावं म्हणून लिहिलं, 'शुक्रवार. दुपारी एकदम वाटलं, बाबा गेले. जिन्यात बसून खूप रडले.'

शुक्रवारी दुपारी भावाचा फोन आला. ऑफिसात आवाज तुटत होता, म्हणून मी जिन्यात गेले.

"ताई, बाबा गेले गं. आत्ताच. तू आधी खाली बस."

मी पायरीवर बसले आणि मला ते पान आठवलं. रडू येईल म्हणून किती वेळ थांबले, पण डोळे कोरडेच. जणू बुधवारीच सगळं वापरून झालं होतं.

तिकीट शनिवारी संध्याकाळचं मिळालं. सकाळी घर खायला उठलं, म्हणून क्लासला गेले. माझी पाळी आल्यावर ते पान वाचलं. सगळे डोळे पुसत होते. बाईंनी माझा हात हातात घेतला. "इतकं खरं कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. मला माझीच भीती वाटत होती.

वही अजून माझ्याकडे आहे. शुक्रवारनंतरची पानं कोरी आहेत. आई आता ऐंशीची होईल, तिच्यावर चार ओळी लिही म्हणून भाऊ मागे लागलाय. लिहिण्यामुळे कुणी जात नाही, एवढं मला कळतं. तरी पेन उचलवत नाही. बाबांसाठी मी अजून रडलेले नाही.