कीबोर्डातल्या अक्षता

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला रोज सकाळी वाटायचं, की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. शेवगावच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला जुनी चादर टांगून केलेल्या अंधारात, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून उमटायची, आत कुठेतरी पंखा घरघरायचा, तापत चाललेल्या धुळीचा करपट वास सुटायचा – आणि मग ते यंत्र ती जुनी तारीख दाखवून अगदी नम्रपणे विचारायचं, नवी तारीख काय? त्याच्या पोटातली छोटी बॅटरी केव्हाच संपली होती आणि तसली बॅटरी शेवगावात सोडाच, नगरलाही मिळत नव्हती. त्यामुळे बटण बंद केलं की त्याला साऱ्या काळाचा विसर पडायचा. त्याला भानावर आणण्याचं काम माझ्याकडे होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून मी एका बोटाने तारीख टाकायचे; काही न टाकता नुसतं एंटर दाबलं, तर ते जुनीच तारीख खरी मानून पुढे जायचं. तेव्हा मी सातवीत होते, नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, आणि या यंत्राच्या लेखी मी अजून जन्मालाच आलेले नाही याची मला रोज नव्याने गंमत वाटायची.

कॉम्प्युटर कुमुदआत्याचा होता. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण – उंच, काटकुळी, दोन्ही हातांनी बोलणारी. नगरच्या एका कारखान्यात ती हिशेबाच्या खात्यात होती; तिथे नवी यंत्रं आली तेव्हा मोडीत निघालेलं एक तिने मागून घेतलं, नोकरीला रामराम ठोकला, आणि एसटीच्या मागच्या बाकावर मॉनिटर मांडीवर घेऊन, त्यावर आपलीच शाल पांघरून, ती थेट माहेरी येऊन दाखल झाली. शेजारपाजारच्यांना वाटलं टीव्ही आणला. लग्नाबद्दल विचारणाऱ्यांना ती शांतपणे सांगायची, आधी हा तर सुरू होऊ दे.

गावात कॉम्प्युटरचा क्लास काढायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी पुढची खोली हवी होती आणि त्या खोलीवर दुसऱ्याही एकाचा डोळा होता. मार्केट यार्डाच्या रस्त्याला खताचं दुकान असलेले जगन्नाथशेठ गोदामासाठी ती भाड्याने मागत होते. आमचे वडील – त्यांना सगळे अण्णा म्हणायचे – शब्दाला जड माणूस. श्रावणात एका संध्याकाळी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता निकाल देऊन टाकला. "दसऱ्यापत्तुर बघू. पोरं आली तर आली. न्हाई तर खोली खताला."

आत्याने मान हलवली आणि ताटातली चटणी उगाच बोटाने पसरत राहिली. आई मात्र त्या दिवसापासून खोली झाडायला लागली. ज्वारीची पोती मागच्या पडवीत गेली, आढ्याला टांगलेल्या कांद्यांच्या माळा उतरल्या, जमीन सारवून झाली. तरीही त्या भिंतींनी वर्षानुवर्षं प्यालेला कांद्याचा, तागाचा आणि नव्या ज्वारीचा वास काही गेला नाही. आजही कुठल्या चकचकीत ऑफिसात संगणक सुरू होताना पाहिला, की मला उगीचच कांद्याचा वास येतो...

त्या यंत्राचं सुरू होणं हा एक सोहळाच असे. चपला बाहेर, पाय धुतलेले, बोलणं हळू. आत्या बटण दाबायची आणि आम्ही दोघी कान टवकारून बसायचो. एकच छोटा 'पीं' आला, की सगळं ठीक. लांबलचक सूर लागला, की आतली मेमरीची पट्टी रुसलेली. मग झाकण उघडायचं, ती हिरवी पट्टी हलकेच उपसायची आणि तिच्या सोनेरी दातांवर माझं खोडरबर फिरवायचं. माझं ते गुलाबी, केवड्याच्या वासाचं खोडरबर मी वर्गात कुणाला हात लावू देत नसे, पण आत्याने मागितलं की मोठ्या दिमाखात काढून द्यायचे. कधी आत फ्लॉपी राहिलेली असायची, तेव्हा यंत्र तिच्यातच डोकं खुपसून बसायचं आणि मला सिस्टीमच सापडत नाही म्हणून हात वर करायचं. संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे लागले की वीज मंद व्हायची, पडद्यावरची अक्षरं आकसायची, आणि आत्या "राहू दे रे बाबा, झोप" असं म्हणून त्याच्यावर शाल टाकायची.

तिचा एक नियम होता. बिघाड झाला, की काय बिघडलं हे आधी शोधायचं नाही. मघाशी चालत होतं ना, मग तेव्हापासून आतापर्यंत काय बदललं, ते आठवायचं. हा नियम तिने मला इतक्यांदा ऐकवला, की पुढे आमटी खारट झाली, सायकल पंक्चर झाली, मैत्रिणीने बोलणं टाकलं, तरी मी तोच लावू लागले.

श्रावण गेला, गणपती गेले, घट बसले. क्लासला नाव घातलेलं एकही पोर नव्हतं. लोक यायचे, दारातूनच बघायचे, हे लावल्यावर शॉक बसतो का, एवढं विचारून जायचे. तेव्हा आत्याने ठरवलं, की दसऱ्याला संध्याकाळी सगळं गाव सोनं द्यायला घरोघर फिरतंच; त्या वेळी दार सताड उघडं ठेवायचं आणि ज्याला यायचं त्याला आत बोलवायचं. तिने रात्रंदिवस खपून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पडद्यावर नाव विचारी, नाव टाकलं की ते मोठ्या अक्षरांत फिरवत दसऱ्याच्या शुभेच्छा देई. सकाळी तो तिने दोनदा चालवून पाहिला. माझं नाव पडद्यावर फिरलं तेव्हा मी इतकी हरखले, की तोंडातला पेढा गिळायचा विसरले.

मग पूजा झाली. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते. कोयता, विळा, अण्णांची सायकल, आईचं शिवणयंत्र, माझी पुस्तकं – सगळ्यांना गंध, झेंडू, अक्षता. त्या वर्षी त्या रांगेत कॉम्प्युटर नवा. आई तबक घेऊन पुढच्या खोलीत आली, मॉनिटरला तिने कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूची माळ घातली, निरांजन ओवाळलं. मग थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. तोंडाने काही पुटपुटली आणि तबकातल्या अक्षता मूठ भरून त्या कीबोर्डावर उधळल्या. सायकलीला दोनचार दाणे पुरले होते. इथे मात्र तिने हात राखला नाही.

दुपारी आत्याने बटण दाबलं. पीं... पीं... पीं... थांबेचना. पडद्यावर अक्षरं उमटली: कीबोर्डात दोष आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. दाबलं. तर नेहमीसारखी जुनी तारीख आली आणि नव्या तारखेच्या जागी, कुणीही हात लावलेला नसताना, जे-जे-जे-जे अशी ओळच्या ओळ धावत सुटली. आत्याने बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मेमरीची पट्टी काढली, खोडरबर लावलं, वायर उपसून परत खोचली. पुन्हा तेच. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि नेहमी बोलणारे तिचे दोन्ही हात गप्प होते. तेवढ्यात दारात अण्णांचा आवाज आला. जगन्नाथशेठ आले होते – सणाच्या निमित्ताने, आणि खोलीत पोती किती मावतील तेही बघून घ्यावं म्हणून. सोबत फ्रॉक घातलेली त्यांची मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि शेठजींना ओसरीवर बसवलं. मला अण्णांचा राग आला, खताचा आला, त्या बिचाऱ्या फ्रॉकवाल्या मुलीचासुद्धा आला.

आत्या खाली बसली. गुडघ्यांवर हनुवटी टेकून मला म्हणाली, सकाळी चालत होता. तेव्हापासून काय बदललं? मी पटकन म्हणाले, "पूजा झाली."

आई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ऐकलं. आत्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, हे मला तेव्हाही कळलं. आईने कप खाली ठेवले, आत आली आणि कीबोर्डाजवळ बसून हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, माज्याच हातनं झालं हे."

आत्याने कीबोर्ड उचलला. आईने पदर पसरला, आणि त्या पदरात आत्याने तो उलटा करून थोपटला. पडू लागलं एकेक – कुंकवाने लाल झालेले तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, कांद्याचं साल, माझ्या पेन्सिलीचं टोक. पण 'जे'ची कळ काही वर येईना. तिच्या फटीत एक दाणा आडवा रुतून बसला होता. नखाने निघेना, सुईने आणखी आत जाई. तेव्हा आईने अंबाड्यातला आकडा काढला, आत्याच्या हातात दिला, आणि आत्याने श्वास रोखून, काटा काढावा तसा तो दाणा बाहेर काढला.

बटण. पंखा. धूळ. आणि एकच छोटा पीं.

आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. आत्याने तो लाल दाणा तळहातावर धरून तिच्यापुढे केला. "वहिनी," ती म्हणाली, "आशीर्वाद जरा जास्त झाला." दोघी अशा हसत सुटल्या, की ओसरीवरचे पुरुष डोकावून बघू लागले.

पहिलं नाव त्या फ्रॉकवालीचंच टाकलं. सुरेखा. एकेक इंग्रजी अक्षर तिने आत्याला विचारून स्वतः दाबलं, आणि आपलं नाव हिरव्या अक्षरांत फिरताना बघून ती जी तिथे बसली, ती उठेचना. संध्याकाळी सोनं घेऊन लोक आले, टोप्यांत घटाचं धान खोचलेली पोरं आली, खोली आपट्याच्या पानांनी आणि पायधुळीने भरली, तरी ती आपली जागा धरून. शेवटी जगन्नाथशेठच तिला न्यायला आत आले. मुलीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि अण्णांना म्हणाले, "खताला जागा दुसरी बी घावंल. पोरीचं नाव घ्या लिहून." अण्णांनी आत्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. त्यांनी खोलीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

पुढच्या दसऱ्याला क्लासात मुलं मावत नव्हती. आई तबक घेऊन आली, मॉनिटरला कुंकू लावलं, आणि अक्षतांची मूठ हवेतच थांबली. मग ती आत्याकडे वळली. "हात करा पुढं," म्हणाली. आत्याने दोन्ही हात पुढे केले आणि आईने अक्षता यंत्रावर न टाकता त्या हातांवर टाकल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला आमच्याकडे हीच रीत झाली. आत्याने लग्न केलं नाही, पण तिच्या हाताखालून अर्धं शेवगाव शिकून गेलं.

आता क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, आणि पुढच्या खोलीत पुन्हा ज्वारीची पोती आली आहेत. अण्णा गेले. गेल्या उन्हाळ्यात आईही गेली. या दसऱ्याला मी गावी गेले, तर आत्याने पोत्यांमागून ते जुनं यंत्र काढून, पुसून, स्टुलावर मांडून ठेवलेलं. तबक माझ्या हातात आलं. मी मॉनिटरला कुंकू लावलं आणि वळले, तर आत्याचे दोन्ही हात सवयीने पुढे आलेले होते – सुरकुतलेले. मी त्यांवर अक्षता टाकल्या. तिने मुठी मिटल्या. एकही दाणा तिने खाली पडू दिला नाही.

मग तिने बटण दाबायला सांगितलं. वाटलं नव्हतं, पण पंखा घरघरला, धूळ तापली, कांद्याचा तो वास आला, आणि एक बारीक पीं... हिरव्या अक्षरांत तारीख आली: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. अण्णांचं आणि आईचं लग्न त्याच्या आदल्याच महिन्यातलं. म्हणजे या यंत्राच्या लेखी आई आत्ता स्वयंपाकघरात असणार, नवी नवरी, हातातला चुडा अजून ताजा. नवी तारीख टाकायला मी बोट उचललं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "तीच असू दे."

मी नुसतं एंटर दाबलं.